अ‍ॅरिझोना: पावसाळ्यातला विषारी टोड आणि घरातली लहान मुलं

निवडुंगाचं_फूल (धागाकर्ती)

टूसॉनमध्ये राहणाऱ्यांना, आणि फीनिक्सच्या कडेच्या वस्त्यांत कालव्याजवळ किंवा शेतांजवळ घर घेतलेल्यांना उपयोगी पडावा म्हणून हा धागा. विषय सोनोरन डेझर्ट टोड, म्हणजे इथला एक मोठा विषारी बेडूक. जुन्या पुस्तकांत कोलोरॅडो रिव्हर टोड, शास्त्रीय नाव इन्सिलियस अल्व्हारियस. अमेरिकेतल्या मूळच्या टोडांमध्ये हा सगळ्यात मोठ्यांपैकी एक, १८ सेंटिमीटरपर्यंत वाढतो.

कुत्र्यांच्या बाबतीत यावर ढीगभर माहिती मिळते. लहान मुलांना काय आणि कसं शिकवायचं, तिथे मात्र गाडी 'हात लावू देऊ नका' एवढ्यावर थांबते. एक घर डोळ्यांसमोर ठेवून सांगा: ३ आणि ६ वर्षांची दोन मुलं, एक कुत्रा, बॅकयार्डला विटांची भिंत पण फाटकाखाली फट, आणि जूनअखेर भारतातून आजी-आजोबा येणार.

तीन वर्षांच्या मुलाला नेमकं कोणत्या शब्दांत सांगायचं? भीती न घालता कसं शिकवायचं? आणि हात लागलाच किंवा तोंडात गेलंच तर पहिल्या दहा मिनिटांत काय करायचं? जाणकारांनी लिहावं.

---

सागुआरो

आधी प्राण्याबद्दल, म्हणजे पुढचे सल्ले कशासाठी आहेत ते कळेल.

हा वर्षातला बराच काळ जमिनीखाली, बहुतेकदा उंदरांच्या बिळात काढतो. मेपासून बाहेर पडायला लागतो. इथला अधिकृत मॉन्सून १५ जून ते ३० सप्टेंबर, पण हा पहिल्या पावसासाठी थांबतोच असं नाही. त्यामुळे 'अजून पाऊस कुठे पडलाय' म्हणून निर्धास्त राहू नये. जुलै-ऑगस्टमध्ये सगळ्यात जास्त दिसतो. सूर्यास्तानंतर निघतो, पहाटेपर्यंत फिरतो. किडे, कोळी, सरडे, उंदराची पिल्लं, लहान टोड, तोंडात मावेल ते खातो. तुमच्या दाराशी येतो तो दिव्याखाली किडे पडतात म्हणून, आणि कुत्र्याच्या वाडग्यात बसतो ते त्यात पाणी असतं म्हणून.

विष कातडीतल्या ग्रंथींत असतं. दोन्ही डोळ्यांच्या मागे एकेक लांबट फुगीर ग्रंथी, आणि मागच्या पायांवरही तशाच. दाब पडला की त्यातून पांढरट चिकट स्राव येतो. तो चावून किंवा डसून विष घालत नाही, अंगावर धावून येत नाही. विष बाधतं ते तोंडातून, डोळ्यांतून किंवा जखमेतून. धडधाकट कातडीला नुसता स्पर्श झाला तर सहसा काही होत नाही. म्हणजे मोठ्या माणसाचा हात लागला, त्याने साबणाने धुतला, विषय संपला. तीन वर्षांच्या मुलाचा हात लागला तर तो पुढच्या मिनिटाला तोंडात जाणार आहे, म्हणून त्याच्यासाठी नियम वेगळा.

आणि त्याला हात लावला की चामखीळ येते, ही शुद्ध थाप. मुलांना तेवढ्यासाठी घाबरवू नका. एकदा ती खोटी निघाली की तुमची बाकीची सूचनाही खोटी धरली जाते.

---

पाटीपेन्सिल

प्री-स्कूलच्या वयाला शिकवताना लोक दोन टोकं गाठतात. एक म्हणजे 'हात लावलास तर मरशील'. दुसरं म्हणजे सगळं जीवशास्त्र. दोन्ही फसतात, आणि पहिलं जास्त वाईट फसतं. ज्या मुलाला मरण्याची भीती घातली आहे ते मूल हात लागल्यावर सांगत नाही, लपवतं. आपल्याला नेमकं उलटं हवंय. त्याने ओरडत यायला हवं.

तीन-चार वर्षांना माहिती नको, हालचाल शिकवा. माझी शब्दयोजना अशी: 'थांब. हात मागे. हाक मार.' बस्स. 'जवळ जाऊ नकोस' असं नकारात सांगितलेलं त्या वयात डोक्यात राहत नाही. काय करायचं ते सांगितलं की शरीर ते करतं. हात मागे म्हणजे खरोखर पाठीमागे, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून. मोकळे हात आपोआप पुढे जातात.

सराव असा घ्यायचा:

१. पुठ्ठ्यावर १८ सेंटिमीटर लांबीचा टोड काढून कापा. मोजूनच घ्या, 'मोठा बेडूक' म्हटलं की मुलं कुत्र्याएवढा काढतात, आणि मग खरा दिसला तरी त्यांना तो हा वाटत नाही. वरून मातकट हिरवा रंग, पोट पिवळट पांढरं.

२. उजेड असताना, संध्याकाळी सहाच्या सुमाराला, तो कुंडीमागे, पाण्याच्या वाडग्याशेजारी, एसीचं पाणी ठिबकतं त्या कोपऱ्यात असा ठेवा. म्हणजे जिथे खरा बसतो तिथेच.

३. मुलाला बूट घालून बाहेर आणा. टोड दिसला की थांबणं, हात मागे, हाक: 'आई, टोड!'

४. हाक आली की मोठ्याने लगेच 'आले!' म्हणून खरंच जायचं. ही पायरी लोक गाळतात. स्वयंपाकघरातून 'हो हो, बघते' असं उत्तर मिळालं की मूल पुढच्या खेपेला तो उचलून दाखवायला आणतं.

५. शाबासकी हाक मारल्याची द्यायची, शोधल्याची नाही. शोधल्याची दिलीत तर मुलं रोज रात्री टोड शोधायला निघतील.

रोज पाच मिनिटं, आठवडाभर पुरे. नंतर मधूनच एकदा न सांगता ठेवून बघा. नुसतं तोंडी 'टोड दिसला तर काय करायचं?' विचारलं तर सगळीच मुलं बरोबर उत्तर देतात. प्रत्यक्षात पुठ्ठा दिसला की निम्मी धावत जाऊन उचलतात. परीक्षा पुठ्ठ्याची घ्यायची, तोंडी नाही.

---

गुळपोळी

पुठ्ठ्याऐवजी मिठाच्या कणकेचा केला तर? दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, साधारण एक वाटी पाणी. मळून आकार द्यायचा आणि ओव्हनमध्ये १२० सेल्सिअसला दोन-तीन तास वाळवायचा. तोंडाच्या कोपऱ्याला साबुदाणा चिकटवला की पांढरी चामखीळ, डोळ्यामागे राजमा चिकटवला की विषाची ग्रंथी. मुलांना हाताने करायला मजा येते आणि खुणा पक्क्या डोक्यात बसतात.

---

शेपूटवाला

@गुळपोळी, खुणांची कल्पना झकास, पण कुत्रा असलेल्या घरात मिठाची कणीक अजिबात नको. त्यात मिठाचं प्रमाण इतकं असतं की कुत्र्याने एखादा गोळा खाल्ला तरी रक्तातलं सोडियम धोकादायक वाढतं. उलट्या, थरथर, फिट्स. टोडपासून वाचवायला निघायचं आणि टोडच्या मूर्तीनेच दवाखाना गाठायचा.

कच्चा राजमाही विषारीच, आणि तीन वर्षांच्या मुलाच्या घशात अडकण्याच्या मापाचा. फेल्टचा किंवा जुन्या मोज्याचा टोड शिवा, खुणा रंगाने काढा.

---

गुळपोळी

पटलं. मोज्याचा करू. सहा वर्षांच्या पुढच्यांना खुणा रंगवायला देता येतील.

---

खवचट_काका

आणि त्या मोज्याच्या टोडला झोपताना पापी द्यायची नाही, एवढा एक नियम वाढवा. गोष्टीतल्या राजकन्येने बेडकांच्या बाबतीत फार वाईट पायंडा पाडून ठेवलाय.

---

पाटीपेन्सिल

काका हसत हसत बरोबर बोललात. खेळण्यातला टोड अंथरुणात, आंघोळीच्या टबात आणि बाहेर विषारी, हा भेद तीन वर्षांच्या मुलाला जमत नाही. म्हणून सरावाचा टोड खेळण्यांच्या टोपलीत ठेवायचा नाही. सराव झाला की मोठ्यांनी उचलून कपाटात. मुलाच्या हातात तो कधीच द्यायचा नाही. रंगवताना दिला तर 'आता हे चित्र आहे' असं म्हणून, टेबलावर.

---

मिरगाचा_पाऊस

प्रश्न: बाहेर दिसणारा प्रत्येक बेडूक विषारी नसतो ना? मग मुलांना ओळखायला शिकवायचं की सरसकट सगळ्यांना हात लावायचा नाही म्हणायचं?

---

सागुआरो

सहा वर्षांखालच्यांना सरसकट. दारापलीकडे बसलेलं काहीही असो, आधी हाक. ओळखीची परीक्षा त्यांच्यावर सोपवायचीच नाही. कारणं तीन. या टोडची पिल्लं लहान असतात आणि मोठ्यासारखी दिसत नाहीत. अंगावर गडद कडेचे लालसर-केशरी फोड असतात, त्यामुळे ती दुसऱ्याच जातीची वाटतात. दुसरं, इथले इतर टोडही थोडेफार विषारीच; कमी असलं तरी डोळ्यात गेलं तर चुरचुरतं. तिसरं, साल्मोनेला हे पोट बिघडवणारे जंतू. अमेरिकेची सरकारी आरोग्यसंस्था सीडीसी पाच वर्षांखालच्या मुलांना बेडूक, कासव, सरडे यांना हात लावू देऊ नका असंच सांगतं, मग ते विषारी असोत वा नसोत.

सहा-सात वर्षांच्या पुढे ओळख शिकवा, कारण त्या वयात 'का' कळलं नाही तर नियम मोडला जातो. टॉर्च मारून, चार पावलांवरून बघायचं:

सोनोरन टोड: कातडी बरीचशी गुळगुळीत, मातकट हिरवी ते तपकिरी. तोंडाच्या कोपऱ्याला, जबड्यामागे एक-दोन ठसठशीत पांढऱ्या चामखिळी. ही सगळ्यात भरवशाची खूण. डोळ्यामागची लांबट ग्रंथी आणि मागच्या मांडीवरचा फुगवटा.

ग्रेट प्लेन्स टोड: पाठीवर मोठे गडद डाग, बहुतेक जोडीजोडीने, कातडी खडबडीत.

रेड-स्पॉटेड टोड: लहानखुरा, लालसर ठिपके, डोळ्यामागच्या ग्रंथी गोल.

काउचेस स्पेडफूट: पिवळट हिरवा, वर गडद नक्षी, डोळ्याची बाहुली उभी. मागच्या पायाला काळी, कोयत्यासारखी कड असते, तिने माती उकरतो. पहिल्या जोराच्या पावसानंतर रात्रभर मेंढरू ओरडावं तसा जो गलका होतो तो याचा. याच्या स्रावानेही शिंका आणि डोळ्यांची आग होते.

आवाजाबद्दल मुद्दाम सांगतो, कारण मुलं (आणि मोठेही) समजतात की जो सगळ्यात मोठा टोड तोच सगळ्यात मोठ्याने ओरडणार. उलट आहे. सोनोरन टोडचा आवाज बारीक आणि सेकंदभराचाही नसतो. 'आज काही ऐकू येत नाही, म्हणजे नाहीये' हा हिशेब चुकीचा.

मुलांना एक गंमत जरूर सांगा: स्पेडफूटची अंडी पावसाच्या डबक्यात पडल्यापासून आठ-नऊ दिवसांत पिल्लं उड्या मारत बाहेर पडू शकतात, कारण डबकं आटायच्या आत सगळं उरकायचं असतं. सोनोरन टोडला साधारण महिना लागतो; त्याची मादी एका वेळी ८,००० पर्यंत अंडी घालते, लांबच लांब माळेत. भीतीपेक्षा हे जास्त लक्षात राहतं. ज्याच्याबद्दल कुतूहल आहे त्याच्यावर मूल दगडही मारत नाही.

---

मात्रा

आता वैद्यकीय बाजू. मी औषधांच्या क्षेत्रातली आहे, तरी इथलं वाचून उपचार करू नका; फोन करा. फोन लागेपर्यंतचं सांगते.

स्रावात दोन प्रकारची द्रव्यं महत्त्वाची. एक गट हृदयावर काम करणारा, बुफाडायनोलाइड्स. हे हृदयाच्या पेशींतला सोडियम-पोटॅशियम पंप अडवतात, डिजॉक्सिन या औषधासारखंच. दुसरं ५-एमईओ-डीएमटी, जे मेंदूवर काम करतं. लहान मुलाच्या तोंडात स्राव गेला तर लाळ गळणं, उलट्या, सुस्ती, नाडी बिघडणं आणि फिट येणं, असं होऊ शकतं. १९८६ मध्येच एका वैद्यकीय नियतकालिकात पाच वर्षांच्या मुलाला या टोडमुळे फिट्स आल्याची नोंद आली आहे. दुर्मीळ आहे, पण 'कुत्र्यांचाच प्रश्न' नाही.

फक्त हात लागला: साबण आणि वाहतं पाणी, २० सेकंद, नखांच्या खालीसुद्धा. हँड सॅनिटायझर चालणार नाही. त्याने जंतू मरतात, चिकट स्राव निघत नाही. धुऊन होईपर्यंत मुलाची दोन्ही मनगटं आपण धरून ठेवायची, नाहीतर सिंकपर्यंत जाताजाताच डोळा चोळला जातो. कपड्याला लागलं असेल तर कपडे बदला.

डोळ्यात गेलं: कोमट किंवा साधं वाहतं पाणी, १५ ते २० मिनिटं. खरोखर घड्याळ लावून. मूल दोन मिनिटांत रडून थांबवायला लावतं आणि आपण थांबतो, चूक तिथे होते. डोळा आतल्या कोपऱ्याकडून बाहेर धुवा, म्हणजे पाणी दुसऱ्या डोळ्यात जात नाही.

तोंडात गेलं किंवा चाटलं: चूळ भरता येणाऱ्या मुलाला चूळ भरून थुंकायला लावा. तीन वर्षांचं मूल गिळून टाकतं, म्हणून त्याच्यासाठी ओलं फडकं बोटाला गुंडाळून जीभ, गालांच्या आतली बाजू, हिरड्या पुसायच्या. प्रत्येक वेळी फडक्याची नवी बाजू. मग लगेच पॉयझन कंट्रोल (विषबाधेची हेल्पलाइन): १-८००-२२२-१२२२. चोवीस तास, फुकट. लक्षणं दिसायची वाट बघू नका.

थेट ९११ (इथला इमर्जन्सी नंबर): फिट, बेशुद्धी, श्वासाला त्रास, ओठ निळसर. मुलाला कुशीवर झोपवा, तोंडात काही घालू नका.

आणि आपल्याकडचे हे प्रकार बंद: मिठाचं पाणी पाजून उलटी काढणं (यानेच मूल दगावू शकतं), घशात बोट घालणं, तूप किंवा दूध पाजणं, फिट आल्यावर कांदा किंवा चप्पल हुंगवणं. यातलं एकही विष कमी करत नाही, आणि वेळ जातो.

रुग्णालयात हृदयाचा ठोका मॉनिटरवर लावतात, आणि बाधा गंभीर असेल तर डिजॉक्सिनवरची अँटिबॉडी देण्याचा पर्याय त्यांच्याकडे असतो. म्हणून तिथे गेल्यावर 'बेडूक चाटला' एवढंच न सांगता 'सोनोरन डेझर्ट टोड' हे नाव सांगा. जमलं तर दुरून फोटो काढा. टोड पकडून पिशवीतून नेऊ नका.

---

निवडुंगाचं_फूल

@मात्रा, आजी-आजोबा एकटेच घरी असतील तेव्हा? आजोबांचं इंग्रजी वाचण्यापुरतं आहे.

---

मात्रा

फोनवर दुभाषी मिळतो. 'मराठी' एवढा शब्द आणि आपला नंबर सांगता आला तरी पुष्कळ. पण दोन तांत्रिक गोष्टी. भारतातल्या सिमवरून टोल-फ्री नंबर लागेलच असं नाही, म्हणून घरात एक इथला फोन हवाच. आणि तुमचा मोबाइल दुसऱ्या राज्याच्या एरिया कोडचा असेल तर कॉल त्या राज्याच्या केंद्राला जाऊ शकतो. मदत तीच मिळते, पण तिकडच्या माणसाच्या रोजच्या सवयीचा हा टोड नसेल. म्हणून पहिल्याच वाक्यात 'अ‍ॅरिझोना, सोनोरन डेझर्ट टोड' सांगायचं.

फ्रिजवर कार्ड लावा. मराठी आणि इंग्रजी, दोन्हीत. घराचा पत्ता आणि झिप कोड, मुलाचं वय, वजन पौंडात (आजी किलोत सांगतात, पलीकडची व्यक्ती पौंड समजते, गोंधळ होतो), अ‍ॅलर्जी, रोजची औषधं. खाली मोकळी जागा: किती वाजता झालं, काय केलं. घाईत माणूस वेळ हमखास विसरतो.

---

मिरगाचा_पाऊस

आजी-आजोबांच्या बाबतीत थोडं वेगळं. त्यांना 'विषारी बेडूक' म्हटलं की हसू येतं, कारण आपल्याकडे पावसाळ्यात अंगणात, न्हाणीघरात बेडूक येतातच आणि केरसुणीने बाहेर लोटले की काम झालं. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा त्यांच्या सवयींची जागा बदला.

पक्ष्यांना पाणी जमिनीवर परातीत ठेवतात. ते भिंतीवर किंवा टांगून ठेवा. जमिनीवरचं उथळ पाणी म्हणजे या टोडला आयतं टाकंच.

तुळशीची कुंडी. इथल्या उन्हात ती सावलीत, ड्रिपवर असते, म्हणजे कुंडीमागची माती कायम ओली. दिवा लावायची वेळ नेमकी टोड निघायची, आणि नातवंडं बरोबर असतात. कुंडी स्टँडवर उचलून ठेवा, मागची जागा टॉर्चने आधी बघा, मग मुलांना बोलवा. ड्रिप रात्रीऐवजी पहाटे चालू ठेवा, संध्याकाळपर्यंत वरची माती सुकते.

पायात स्लिपर नको, बंद बूट. हे टोडसाठी नाही, विंचवांसाठी आणि रॅटलस्नेकसाठी. त्याच वेळी तेही बाहेर असतात. मुलांना टोडसाठी लावलेली 'बूट, टॉर्च, मोठं माणूस' ही सवय तिघांनाही पुरते.

---

शेपूटवाला

कुत्रा आणि मूल यांचा एकत्र विचार करा, कारण प्रत्यक्षात अपघात तसा घडतो: कुत्रा टोड तोंडात धरतो, मूल तो सोडवायला जातं. मुलाला एकच शिकवा: कुत्र्याच्या तोंडात हात घालायचा नाही, ओरडायचं. त्या क्षणी कुत्र्याचं तोंड विषाने भरलेलं असतं, आणि फिट येणारा कुत्रा ओळखीच्या माणसालाही चावतो.

मोठ्यांनी काय करायचं: पट्टा लावा, डोकं खाली झुकवा, होजचं (बागेच्या रबरी नळीचं) पाणी ओठाच्या कोपऱ्यातून आत आणि पुढच्या बाजूने बाहेर जाईल असं सोडा. मध्यम धार, पाच ते दहा मिनिटं, मध्ये मध्ये ओल्या फडक्याने हिरड्या आणि टाळू पुसा. चिकट स्राव नुसत्या पाण्याने निघत नाही. धार घशाकडे मारली तर पाणी फुप्फुसात जातं, ही नेहमीची चूक. भरपूर फेसाळ लाळ, हिरड्या लालभडक, डोकं हलवणं, पंज्याने तोंड खरवडणं ही सुरुवातीची लक्षणं. चाल अडखळली, फिट आली की धुणं सोडून थेट इमर्जन्सी दवाखाना. लाळ लागलेले आपले हातही धुवा. मुलाने कुत्र्याला कवटाळायला यायच्या आधी.

अ‍ॅरिझोनातली खास अडचण: उन्हात पडलेल्या होजमधलं पहिलं पाणी भाजेल इतकं गरम असतं. आधी जमिनीवर सोडून, हाताने बघून, मग तोंडात. मुलाचे हात-पाय धुतानाही हेच.

पाण्याचा वाडगा सूर्यास्ताला आत. त्यात टोड बसलेला सापडला तर पाणी फेकून वाडगा साबणाने घासायचा, नुसता विसळायचा नाही. खाण्याचं भांडंही बाहेर नको. कुत्र्याला रात्री बाहेर काढताना छोटा पट्टा आणि टॉर्च. टोडपासून दूर राहायचं प्रशिक्षण कुत्र्यांना देणारे लोक इथे आहेत, पण त्याच्या भरवशावर वाडगा बाहेर ठेवू नका.

---

गिलबर्टकर

फाटकाखालच्या फटीचं काय? आणि आत आलेला टोड बाहेर कसा काढायचा? मारायचा तर नाहीये.

---

सागुआरो

फट: फाटकाच्या खालच्या कडेला ब्रशचा डोअर-स्वीप (फट झाकणारी पट्टी). लोखंडी गजांचं फाटक असेल तर खालच्या दोन फुटांना पाव इंची जाळी, आणि जाळी जमिनीला टेकलेली. जमिनीपासून दोन इंच फट ठेवली तर लहान टोड येतातच. भिंतीतून पाणी बाहेर जायची भोकं विसरू नका. तिथे जाळी लावा, विटा ठासू नका, नाहीतर पहिल्या वादळात बॅकयार्ड तुंबेल. दाराजवळचा पांढरा दिवा बदलून पिवळसर एलईडी लावा, किंवा हालचालीवर लागणारा.

बाहेर काढणं: रबरी हातमोजे, लांब बाह्या, झाकणाची पाच गॅलनची बादली, झाडू. बादली टोडसमोर आडवी ठेवायची, मागून झाडूने हळूच ढकलायचं, तो आत गेला की बादली उभी करून झाकण. हाताने दाबून धरायचं नाही. दाबलं की स्राव येणारच. रात्रीच, भिंतीपलीकडे झुडपाच्या सावलीत सोडा. मैलभर लांब नेऊन सोडू नका, अनोळखी जागेत त्याला पाणी आणि बीळ सापडत नाही. दुपारी तर नाहीच. बादली बाजूला नेऊन साबणाने धुवा, कुत्र्याच्या वाडग्याच्या नळाखाली नको.

मुलांनी हे खिडकीच्या काचेतून बघायला हरकत नाही. उलट बघावंच. टोडला कोणी मारत नाही हे त्यांना दिसतं, आणि हाक मारल्यावर खरंच काहीतरी होतं हेही.

---

खवचट_काका

मोठ्या भावंडांचं कोणी बोललं नाही. मिडल-स्कूलच्या पोरांना 'टोड चाटला की नशा होते' हे कुठून तरी कळलेलं असतं, आणि धाकटा दादाचं ऐकतो, आईचं नाही.

---

मात्रा

महत्त्वाचं. नोव्हेंबर २०२२ मध्ये नॅशनल पार्क सर्व्हिसला फेसबुकवर लोकांना सांगावं लागलं की टोड चाटू नका. मोठ्या मुलाला सरळ सांगा: चाटून नशा होत नाही, पोटात जातं ते हृदयाचं विष. ज्याच्या नशेची चर्चा असते ते ५-एमईओ-डीएमटी अमेरिकेत २०११ पासून अमली पदार्थांच्या सगळ्यात कडक यादीत, शेड्यूल १ मध्ये आहे. आणि धाकट्यासमोर यावर विनोद करायचा नाही, ही अट घाला. तीन वर्षांच्या मुलाला विनोद कळत नाही, कृती कळते.

---

गिलबर्टकर

शेवटचा प्रश्न. सकाळी स्विमिंग पूलमध्ये मेलेला टोड सापडतो. त्या पाण्यात मुलांना सोडावं का?

---

सागुआरो

गुळगुळीत टाइलवरून त्याला वर चढता येत नाही, म्हणून दमून बुडतो. पूलच्या कडेला तरंगता रॅम्प मिळतो, तो लावला तर बहुतेक बाहेर पडतात.

मेलेल्याच्या ग्रंथींतही विष असतं, म्हणून लांब दांड्याच्या जाळीने काढायचा, दोन पिशव्यांत बांधून कचऱ्यात. कुत्रा उकरेल अशा ठिकाणी पुरू नका. पूलचं पाणी इतकं असतं की स्राव विरळ होऊन जातो. तरी तासभर पंप चालवा, क्लोरीन तपासा, मग मुलांना सोडा. मुलांच्या छोट्या फुगवायच्या टबात सापडला तर मात्र पाणी ओतून टब साबणाने धुवायचा. तिथे पाणी थोडं आणि मुलं ते पितात.

स्किमरच्या (पूलमधला कचरा ओढून घेणाऱ्या खणाच्या) टोपलीतही टोड असू शकतो, जिवंत किंवा मेलेला. ते झाकण मोठ्यांनीच उघडायचं, हात घालण्याआधी आत टॉर्च मारून. तिथे विंचूही असतात, आणि पाण्यात असले तरी ते बराच वेळ जिवंत राहतात.